यंत्राचा पेटलेला दिवा

जंगलात संगणक नवे होते, तेव्हाची गोष्ट. संगणकावरून पाठवलेल्या निरोपांना नदीपलीकडच्या हरणांचं उत्तर येईना. दूरदेशी शिकून आलेल्या शिकाऊ तंत्रज्ञ टिटवीला वाटलं, बिघाड सॉफ्टवेअरमध्ये असणार. आठ दिवस ती तेच तपासत बसली. नवव्या दिवशी पूर आला, इशारा पोहोचलाच नाही आणि एक पाडस बुडता बुडता वाचलं. टिटवीने धावत जाऊन यंत्रामागे पाहिलं, तर निरोप वाहून नेणारी केबलच निघालेली!

“परवाच्या दसऱ्याला पूजेसाठी मीच काढली,” यंत्राची साफसफाई करणारी घूसमावशी म्हणाली. “पाणी शिंपडतात ना!”

“आणि परत लावली नाही?”

“यंत्राचा दिवा तर पेटतोय की गं!”

टिटवीही त्याच दिव्यावर विसंबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, रोज आधी केबल पाहायची, मग नदीपलीकडे जाऊन ‘निरोप मिळाला’ हे हरणांच्याच तोंडून ऐकायचं.