भूपालनं बिल विकलं

जयसिंगपूरजवळच्या एका गावात भूपाल मगदूम नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे आळशी नव्हे. सांगितलं ते तो लगेच करायचा. अडचण तीच होती.

त्याच्या चुलतबहिणीचा, पद्माक्काचा, मिठाईची खोकी बनवायचा छोटा कारखाना होता. बारा बाया कामाला. सांगलीच्या एका मिठाईवाल्याकडं अक्काचं लाखाचं बिल अडकलं होतं. हा मिठाईवाला पेढ्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून जागेवर घ्यायचा आणि खोक्यांचे नव्वद दिवसांनी द्यायचा. त्याला कोणी भोळा म्हणत नसे.

दिवाळी जवळ आली. पुठ्ठ्याच्या मिलनं सांगितलं, "शुक्रवारी दोनपर्यंत ऐंशी हजार भरा. नाहीतर गाडी दुसऱ्याकडं जाईल." पुठ्ठा नाही तर मशीन बंद, आणि बारा बाया ऐन दिवाळीत घरी.

अक्का म्हणाली, "भूपा, आता बिल विकायचं. दुसरा इलाज नाही."

रविवारी भूपाल बिल घेऊन आठवडी बाजारात गेला. वांग्यांच्या आणि मेथीच्या मध्ये पोतं अंथरून त्यावर बिल ठेवलं. संध्याकाळी अक्का शोधत आली.

"विकलं न्हाई," भूपाल म्हणाला. "भजीवाला पाच रुपये म्हणत होता. मी दहाच्या खाली उतरलो न्हाई."

"अरे बाबा, बिल फायनान्स कंपनीत विकतात."

सोमवारी ती त्याला घेऊनच कंपनीत गेली. तिथल्या मुजावर मॅडमनी करार समोर ठेवला. "शंभरातले ऐंशी आत्ता देतो. वीस आमच्याकडं राहतील. मिठाईवाल्यानं आम्हाला सगळे पैसे भरले, की आमची फी आणि फीवरचा जीएसटी कापून उरलेले देऊ."

परत येताना अक्का म्हणाली, "कळलं का? पैसे येईपर्यंत वीस रोखून धरायचे. अशी रीत असते."

"कळलं," भूपाल म्हणाला.

मंगळवारी अक्कानं त्याला पाचशे खोकी घेऊन सांगलीला पाठवलं. त्यानं चारशे उतरवली आणि शंभर परत आणली. मागोमाग मिठाईवाल्याचा फोन. तो काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"अरे, माल रोखून ठेवलास?"

"शंभरातले वीस. पैसे आले की सोडणार. फी कापून."

अक्कानं डोक्याला हात लावला. "माल पुराच द्यायचा. लिहायचं पण पुरंच. आपल्या हातात ऐंशी आले म्हणून विक्री ऐंशीची होत नाही. सरकारला लाखच दाखवायचे. कंपनीनं कापलेली फी खर्चात टाकायची. हातात किती आलं ते बघायचं नाही, पुरंच लिहायचं."

"पुरंच लिहायचं," भूपाल म्हणाला.

बुधवारी कामाला नऊच बाया आल्या. तिघी लग्नाला गेल्या होत्या. भूपालनं हजेरी लिहिली, बारा. मजुरी वाटली, बारा.

"तिघींची कुणाला दिलीस?"

"घरी पोचवली. एकीच्या सासूनं चहा पाजला."

"त्या आल्याच नव्हत्या ना रे?"

"हातात किती आल्या ते बघायचं नाही, अक्का. तूच म्हणालीस."

आता अक्कानं त्याला समोर बसवलं. "नीट ऐक. आपण बिल विकलंय. मिठाईवाल्याला तशी चिठ्ठी गेलीय. आता त्यानं पैसे कंपनीला द्यायचे, आपल्याला नव्हे. चुकून तुझ्या हातात दिलेच, तर घरी आणू नकोस. ह्या बिलाचा रुपया हाताला लागला की सरळ कंपनीच्या खात्यात. डोकं चालवू नको."

"डोकं चालवत न्हाई," भूपाल म्हणाला. हे मात्र खरं होतं.

गुरुवारी ऐंशी हजार अक्काच्या खात्यात आले. शुक्रवारी सकाळी ती मशीनखाली शिरून तेल देत होती. हात काळे, साडी काळी. सही केलेला चेक तिनं आधीच पाकिटात घातला होता, सोबत मिलचा खातेनंबर.

"भूपा, त्या बिलाचे ऐंशी आलेत. चेक घे, बँकेत पैसे पाठवायचा फॉर्म भर. दोनच्या आत पोचले पाहिजेत."

भूपाल सायकल दामटत गेला. त्यानं एवढी घाई आयुष्यात केली नव्हती.

सव्वा वाजता अक्कानं मिलला फोन लावला. पैसे आले नव्हते. दीड वाजता परत लावला. नव्हते. बाया हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात मुजावर मॅडमचाच फोन आला.

"पद्माताई, अकरा वर्षं झाली मला या नोकरीत. दिलेले पैसे दुसऱ्या दिवशी परत भरणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतेय."

अक्कानं विचारलं, "ऐंशीच्या ऐंशी?"

"ऐंशीच्या ऐंशी. बँकेची पावती घेऊन तुमचा माणूस समोर बसलाय. म्हणतोय, बिलाचे पैसे तुम्हाला पोचले, आता राहिलेले वीस सोडा."

"त्याला फोन द्या."

"अक्का," पलीकडून भूपालचा आवाज आला, "पाकिटात मिलचा नंबर चुकून पडला होता, मी करारावरचा कंपनीचा लिहिला. आता वीसपण सोडवतो. तू काळजी करू नको. तेही त्याच बिलाचे ना? हातात पडले की इथंच भरतो, दाराबाहेरसुद्धा नेत न्हाई."