वानरवैद्याचा लेप

रानात वाघालाही वैद्य लागायचा, त्या काळची ही गोष्ट. घाटमाथ्यावर करवंदीच्या जाळीवर एक मोरवेल चढली होती, अंगभर पांढरी फुलं लेऊन. एक म्हातारं वानर तिचा पाला ओरबाडू लागलं.

मोरवेल म्हणाली, "बाबा, घरट्यासाठी माझ्या वाळक्या काड्या कुणीही खुशाल न्याव्यात. पण माझा रस कातडीला लागला की फोड येतात."

"वैद्य मी आहे की तू?" वानर खेकसलं.

भेकराचं डोकं दुखत होतं. वानराने पाला ठेचून त्याच्या कपाळावर थापला. घटकाभरात भेकर ओरडत परत आलं, "वैद्यबुवा, कपाळ भाजून निघालं हो!"

"आणि डोकं?"

"डोक्याचं काय घेऊन बसलात! इथे कातडी सोलतेय!"

"म्हणजे डोकेदुखी गेली," वानर म्हणालं. "पुढचा कोण?"

मग साळिंदर आलं, ससा आला. सगळ्यांना हाच गुण आला आणि वैद्यबुवांचं नाव रानभर झालं.

एके दिवशी वैद्यबुवाच डोकं धरून बसलेले दिसले. तिघेही रुग्ण लगबगीने पाला ठेचून धावत आले.

वैद्यबुवा टुणकन झाडाच्या शेंड्यावर गेले. "कुणाचं डोकं? माझं तर जन्मात दुखलं नाही!"

"चला," मोरवेल म्हणाली, "आज पहिल्यांदा माझ्या पाल्याने खरा गुण आला. तोही न लावता."