उतारापाशी थांबलेली आई

बर्फाच्या डोंगरात, फार फार पूर्वी, एक गाव होतं. तिथल्या लोकांची एक समजूत होती. उंबरा ओलांडला की काम झाल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. फिरलं तर ज्याच्यासाठी निघालो त्याचं वाईट होतं. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण सगळे पाळायचे.

त्या गावातल्या एका आईची लेक डोंगरापलीकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या वर्षी बर्फ लवकर पडला आणि लेक सासरीच अडकली. दिवस भरत आले तसा आईला घास गिळवेना. त्यात तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आईनं तुपाचा डबा आणि बाळाची लोकरीची टोपी पाठीवर बांधली, दिराला सोबत घेतलं आणि निघाली.

वाटेत एक मोठा उतार आडवा होता. त्याच्या अलीकडे, कड्याच्या आडोशाला, एक म्हातारी झोपडी बांधून राहायची. तोंडाची फटकळ. तिनं दोघांना अडवलं आणि आपली काठी बर्फात खुपसली.

"वर भुसभुशीत, खाली काचेसारखा कडक. नवा बर्फ जुन्याला धरून नाही. आज जायचं नाही."

दीर हसला. "आजी, आभाळ बघा की. एक ढग नाही."

"आभाळ काय बघू? ते पडणार आहे का तुझ्या अंगावर? पडणार तो बर्फ, तो बघ. उन्हानं आणखी सैल होतोय."

आई म्हणाली, "माझ्या लेकीचे दिवस भरलेत. माघारी फिरले तर तिला बाधेल."

म्हातारीचा आवाज खाली आला. "माझा नवरा इथंच उभा होता, पोरी. त्याला कळत होतं. पण उंबरा ओलांडलाय, आता कसा फिरू म्हणाला, आणि गेला. उन्हाळ्यात त्याची नुसती टोपी सापडली."

"वहिनी, चला. झपाझप जाऊ," दीर म्हणाला.

आईनं उताराच्या कडेला एक पाऊल टाकलं. पायाखाली धप्प असा आवाज झाला आणि बर्फात दोऱ्यासारखी एक चीर पळत गेली. आई जागच्या जागी थिजली.

"लेकीला तूप हवंय, की जिवंत आई हवीय?" म्हातारीनं विचारलं.

आईनं पाऊल मागे घेतलं. तिचे डोळे भरून आले होते.

"शकुन मोडला," दीर पुटपुटला.

"मोडू दे. माझ्या माथी मार. आत चला, पेज गरम आहे."

पेज अर्धी संपली नव्हती तोच डोंगर गरजला. तिघं दाराशी आली. अख्खा उतार सुटून खाली चालला होता, झाडांसकट. धुरळा बसला तेव्हा वाटेची खूणही उरली नव्हती. दिराच्या हातात पेजेची वाटी तशीच होती. म्हातारीनं ती काढून घेतली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दोन दिवस आई त्या झोपडीत लेकीची काळजी करत बसली. तिसऱ्या दिवशी पहाटे, बर्फ घट्ट गोठलेला असताना, म्हातारीनं पुन्हा काठी खुपसून पाहिली. मग दोघांच्या कमरेला लाल लोकरीची एकेक लांब दोरी बांधली, टोक मागे मोकळं सोडून.

"एकानं जायचं, दुसऱ्यानं बघायचं. गाडले गेलात तर दोरी वर दिसेल. मध्ये थांबायचं नाही."

दोघं एकामागून एक, सुखरूप पार झाली.

आई पोचली तेव्हा लेक आदल्या दिवशीच बाळंत झाली होती. मुलगी होती, गुटगुटीत. मायलेकी दोघी खुशाल. कुणाला काही बाधलं नव्हतं.

लेक तोंड फिरवून म्हणाली, "तू नव्हतीस. मला फार राग आलाय तुझा."

आईनं टोपी बाळाच्या डोक्यावर चढवली. "रागाव बाई, पोटभर रागाव. तुझा राग खायला मी समोर बसलीये ना."

लेकीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली.

तेव्हापासून त्या गावात कुणी निघालं की घरचे दाराची कडी लावत नाहीत. सांगतात, "वाट बरी नसली तर माघारी ये. दार उघडंच आहे."

तात्पर्य: वाट धोक्याची दिसली तर खुशाल थांबावं, नाहीतर माघारी वळावं. घरच्यांना आपण उशिरा पोचलेले चालतो, कायमचे गेलेले चालत नाही.