तांबडा दिवा

"म्हणजे तुमच्या बोटांचं काम आता संपलं, असंच ना बुवा?"

श्रीकरने हे विचारलं आणि बाहेर ओसरीवर बसलेले सहा रोगी माना वळवून आत बघू लागले. काय ही जीभ! भार्गवबुवा नुसते हसले.

बुवा जन्मांध. प्रवरेकाठच्या त्या मठीत चाळीस वर्षं नाडी बघत आलेले. तिथली रीत अशी, की आल्यावर पाया पडायचं नाही, आपलं मनगट बुवांच्या हाती द्यायचं. श्रीकरनेही दिलं होतं. बुवांनी ते अजून सोडलं नव्हतं.

हा त्यांचाच शिष्य. पाच वर्षं कोपऱ्यात बसून मुळ्या कुटल्या, पण रोग्याची नाडी एकदाही धरायला मिळाली नाही. विचारलं की बुवा म्हणायचे, "अजून नाही." शेवटी चिडून निघून गेला, शहरात शिकला, आणि आज बारा वर्षांनी स्वतः बनवलेली नखाएवढी चिप आणि तिचं छोटं यंत्र घेऊन आला.

"हिच्यावर रक्ताचा एक थेंब टाकायचा. पोटात कॅन्सर असेल तर तांबडा दिवा, नसेल तर हिरवा. कुणाच्या परवानगीची वाट बघत बसायला नको."

शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम म्हटलं. खोटं कशाला बोला, ते म्हणायलाच आला होता तो.

"किती वेळ लागतो?"

"नऊ मिनिटं."

"मग माझंच बघ की." बुवांनी दुसरा हात पुढे केला.

श्रीकरने मोकळ्या हाताने सुई टोचली, थेंब घेतला, चिप यंत्रात सरकवली. मग नऊ मिनिटं वाट बघायची.

बुवा फार वाळलेत, हे त्याला आता दिसलं. गळ्याची हाडं वर आली होती. आल्यापासून आपण आपलंच सांगत सुटलो, त्यांच्याकडे धड बघितलंही नाही, असं त्याला वाटलं.

दिवा लागला. तांबडा.



"काय म्हणते तुझी चिप?"

"हिरवा... हिरवा आहे, बुवा. काही नाही तुम्हाला."

बुवांची तीन बोटं त्याच्या मनगटावर तशीच होती.

"तांबडा लागला," बुवा म्हणाले.

"परत लावतो मी... कधी कधी चुकतं यंत्र..."

"चुकत नाही. चोख केलंयस तू. मला दिवाळीपासून ठाऊक आहे."

श्रीकरला रडू फुटलं. ओसरीवर ऐकू जाईल याचीही त्याला शुद्ध राहिली नाही. इतकी वर्षं ज्या माणसाचा राग राग केला, तो आता थोड्याच दिवसांचा सोबती होता.

बुवांनी त्याचं मनगट सोडलं. भिंतीला धरून सावकाश उठले. चाचपडत त्या मुळ्या कुटायच्या कोपऱ्यात गेले आणि खाली बसले. त्यांचं आसन रिकामं राहिलं.

श्रीकरला काही कळेना.

"बुवा...?"

"पुढच्याला आत घे. नाडी तू धर."

"मी? आत्ता? बघा तरी... हात कापतोय माझा."

"हो," बुवा म्हणाले. "तेव्हा कापला नसता. आज कापतोय."