रिकाम्या झोपाळ्यापुढची रांग

"मग पोरं बागेतल्या रिकाम्या झोपाळ्यापुढं रांग लावून का उभी राहतात, ते सांगा बुवा!"

नगराध्यक्ष भाऊसाहेब ढोकणे मठीच्या पायरीशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. नारळ आणला होता, पण तो ठेवायच्या आधीच हुकूम सोडला.

दौलतगीर बुवा पावट्याच्या शेंगा सोलत राहिले.

"तुम्ही बसून पाहिलंत कधी त्या झोपाळ्यावर?"

"थट्टा नको. माझी नात रोज त्या रांगेत असते. अंधार पडला तरी हलत नाही. उचलून आणली तर जेवत नाही. अर्धी झालीय पोर."

"गाव काय म्हणतं?"

"झोपाळा वाऱ्यानं हलतो म्हणतं."

गाव म्हणजे बागेतल्या बाकांवरची हास्यक्लबची म्हातारी मंडळी. बाग होण्याआधी इथं दगावलेली तान्ही पोरं पुरत, हे त्यातल्या एकूणएकाला ठाऊक. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर ठेवलेले धोंडे भाऊसाहेबांनी उचलले, चुना फासला आणि चालायच्या वाटेच्या कडेला बसवले. मंडळींनी टाळ्या पिटल्या. आता त्याच वाटेवर रक्तातली साखर उतरवत फिरतात, आणि येताजाता पोरांना संस्कार शिकवतात.

"काय शांत करायची ती करा. मठीला सभामंडप बांधून देतो."

बुवा उठले. खाली बागेकडं चालू लागले. भाऊसाहेबांना मागून जावंच लागलं.

दिवेलागण झाली होती. फाटकातून आया हाका मारत होत्या. पोरं एकेक करून पांगली. रांगेत उरली एकटी इरा. तिच्यापुढं झोपाळा संथ झुलत होता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"इरे, चल बाळा."

"ती उतरली की येते, आजोबा."

"ती कोण?"

इरानं झोपाळ्याकडं बोट केलं. हे काय विचारणं झालं...

बुवाच म्हणाले, "तुमची थोरली लेक. धोतरात गुंडाळून तुम्हीच आणली होती. खड्डा मी खणला."

"तिचा विषय आमच्या घरात निघत नाही, बुवा."

"ठाऊक आहे."

भाऊसाहेबांनी इराचा हात धरून ओढला. पोर तसूभर हलली नाही. एवढीशी पोर, आणि धोंड्यासारखी जड.

"मग... करू काय मी?"

"आया करतात तेच. हाक मारा तिला. घरी बोलवा."

झोपाळा मागं गेला, तो मागंच थांबला. साखळ्या तिरप्या, ताणलेल्या.

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. सभा गाजवणारा गडी. नुसतेच ओठ हलले.

"बुवा... बाराव्या दिवसाआधीच गेली हो ती. बारसं झालंच नव्हतं."

"मग आत्ता करा. कान देऊन थांबलीय ती."