जुन्या गाडीची गर्जना

गाड्या माणसांशी बोलत, त्या काळी रंगराव शिंत्र्यांकडे एक जुनी मोटारसायकल होती. शेजारची नवी गाडी गरजत निघाली की अख्खी गल्ली वळून बघे, आणि जुनीच्या पोटात दुखू लागे.

एकदा गॅरेजात ती म्हणाली, "मिस्त्री, माझ्या सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढून टाका."

"अगं, या वयात कशाला?"

"तिचा तोरा उतरवायला!"

मिस्त्रींनी पुंगळी काढली. गल्लीत शिरताना जुनी अशी कडाडली की नवीची बोलतीच बंद झाली. जुनीचा जीव सुखावला.

रंगरावांना घेऊन ती ऐटीत घरी आली. दारात त्यांचा आंधळा कुत्रा बसला होता. रोज तिच्या आवाजावर शेपूट हलवत धावणारा तो आज भेदरून मागे सरला.

"अरे वाघ्या, मीच आहे!" ती ओरडली. पण ती जितक्या जोरानं सांगे, तितका तो लांब पळे.