खांबाची खाज

राजा दुर्जयरावाच्या पाठीवर गजकर्ण उठलं होतं, आणि ते उठलंय असं म्हणायची सगळ्या राज्यात कुणाची छाती नव्हती!

उठणार नाही तर काय? भर वैशाखात हा माणूस मखमलीचा जाड अंगरखा घालून बसणार. आत घामाच्या धारा. काढा म्हणावं, तर म्हणे राजा उघडा बसत नाही! बरं, बसू नको. पण दरबारात खाजवणंही राजाला शोभत नाही. मग महाराज घटकाभर तग धरायचे, उठायचे, मोठ्या विचारात पडल्यासारखा चेहरा करून शिसवी खांबाला पाठ टेकायचे, आणि खालीवर, खालीवर! दरबारी मुकाट जमिनीकडे बघत बसायचे.

एके दिवशी तिथं धाकलू आला. दोराला लटकून कड्यावरची मोहळं उतरवणारा गडी. सरकारचा मध पोचवायला आला होता. खांबाशी चाललेला प्रकार बघून तो खो खो हसला. म्हणाला, "आमची म्हैस बी अगदी अशीच करती!"

झालं! धाकलू बंदिखान्यात. जन्मभर कड्याला लटकलेल्या माणसाला अवसेला कड्यावरूनच ढकलायचं ठरलं.

धाकलूला एकच लेक, पोवळी. बाप कड्यावर उतरला की दोराचं वरचं टोक तिच्या हाती असायचं. तो दोर तिनं कधी सोडला नव्हता. ती तडक दरबारात आली.

"महाराज, माझ्या बाला सोडा. मी तुमची पाठ..."

"माझ्या पाठीला काय झालंय?" राजानं डोळे वटारले.

"काय बी नाही, महाराज!"

"हां." राजानं आवाज उतरवला. "पण झालं असतं, तर? अवसेच्या आत मला बरं केलंस, तर बाप तुझा. मात्र झाडपाल्याचं औषध नको, आग होते. जनावराचं नको, घाण येते. मला कुणी हात लावायचा नाही. मी औषधाला हात लावणार नाही. आणि मला काही झालंय असं कुणी म्हणायचं नाही!"

राजवैद्य धुंडिबुवांना हसू आवरेना. झाडपाल्यानं महाराजांची पाठ भाजून काढली होती ती यांनीच. "मग काय गं, लांबून फुंकर घालणार?"

पोवळी खांबाकडे बघत होती. बाकीच्या खांबांवर बोटभर धूळ, आणि हा एक पाठीच्या उंचीवर आरशासारखा लखलखीत!

"महाराज, तुम्हाला काय धाड भरलीय? खाज या खांबाला सुटलीय! बिचाऱ्याला हात नाहीत, म्हणून तुमच्याकडून खाजवून घेतो!"

दरबारात कुणीतरी हसू खोकल्यात घातलं. राजानं खांबाकडे पाहिलं, मिशी कुरवाळली. "मलाही तोच संशय होता!"

"औषध मी खांबाला लावते. पण त्याला मखमल टोचती. खाजवायला याल तेव्हा अंगरखा काढून या. नंतरही अंग कोरडं होऊन वारं लागल्याबिगर घालायचा नाही."

"काय? राजा उघडा?"

"तुमच्या दरबाराचा जुना खांब आहे, महाराज. त्याच्यासाठी एवढंही करणार नाही?"

राजा पेचात पडला. शेवटी अंगरखा उतरला.

पोवळीनं रानातून एका बारक्या मधमाशीचं घर आणलं. चिलटाएवढी ती माशी, तिला डंखच नाही. पोकळ खोडात राहते. पावसाळ्यात सगळं खोड बुरशीनं पांढरं पडेल, पण या माशीच्या घरात बुरशी शिरायची नाही! भिंतींना काळा चिकट डिंक फासून ठेवते ना. बापाच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की पोवळी हेच लावायची. तिनं डिंक कुटला, त्याच माशीच्या आंबट मधात घोटला आणि लावला खांबाला.

"लबाडी!" धुंडिबुवा ओरडले. "डिंक झाडाचा! माशी तो झाडावरून आणते!"

"म्हैस गवतच खाती, वैद्यबुवा. उद्या गवत आटवून बासुंदी करा, जेवायला येते!"

"मग... मग माशीचा! म्हणजे जनावराचाच!"

"आधी झाडाचा की माशीचा ते एक ठरवा. ठरलं की बोलवा मला."

ते काही ठरेना. मधाला मुंग्या लागल्या, तेव्हा राजानं त्या हाकायला बुवांनाच बसवलं!

महाराज रोज उघड्या पाठीनं खांबाला टेकू लागले. आग नाही, घाण नाही. आधी खाज निवली, मग चट्टे फिके पडले. अवसेच्या आदल्या दिवशी राजानं पुढं एक, मागं एक आरसा धरून पाहिलं. पाठ स्वच्छ!

भर दरबारात तो म्हणाला, "पोरी, खांब झकास बरा केलास. पण बोली होती मला बरं करायची. मला तर काहीच झालं नव्हतं! तेव्हा बाप उद्या कड्यावर."

पण बापाचा दोर पोवळीच्या हातात होता अजून!

"खरं आहे, महाराज. तुम्हाला खाज नव्हतीच?"

"नव्हती!"

"मग खाजवून घेत कोण होतं?"

"खांब! तूच म्हणालीस!"

"तर मग माझा बा म्हैस म्हणाला तो कुणाला?"

राजानं एकदा खांबाकडे, एकदा धुंडिबुवांकडे पाहिलं.

"खांबाला!" पोवळी म्हणाली. "खांबाची फिर्याद असेल तर त्यानं तोंडानं सांगावी. नाहीतर बाला सोडा. आणि बा तुम्हालाच हसला म्हणत असाल, तर खाज तुमची होती, अन् ती मी घालवली. तरीही बाला सोडा!"

राजा उठला. सगळ्यांच्या देखत त्यानं खांबाला कान लावला, बराच वेळ ऐकलं, आणि एकदम असा हसला, असा हसला, की डोळ्यांतून पाणी! "खांब म्हणतो, माझी काही तक्रार नाही!"

धाकलू सुटला. रानातली सगळी मोहळं राजानं बापलेकीच्या नावे करून दिली, सरकारचा मधही माफ! वर आपला मखमली अंगरखा काढून पुढं केला.

"नको, महाराज," पोवळी हात जोडून म्हणाली. "यातूनच तर त्या बिचाऱ्या खांबाला लागण झाली!"

राजा पुन्हा हसत सुटला आणि हसता हसता सवयीनं खांबाला टेकला. धाकलूनं ते पाहिलं, तोंड उघडलं... आणि पोवळीनं त्यावर गच्च हात दाबला!